एका माइकभोवती चौघे

दुसरं महायुद्ध संपलं आणि आमच्या हार्लेम वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर गाणाऱ्या पोरांचं पेव फुटलं. तेव्हा टोळीला पक्ष्याचं नाव द्यायची टूम होती, पण बरी नावं आधीच दुसऱ्यांनी पळवलेली, म्हणून आम्ही झालो ‘हेरन्स’. म्हणजे बगळे. हसा खुशाल! मी ओथा, खर्ज माझा. मधले सूर पर्विस आणि रोलंडचे, आणि पुढचं गाणं क्लीओफसचं. वाद्य वगैरे काही नाही. दिव्याच्या खांबाखाली डोक्याला डोकं लावायचं, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं आणि गायचं.

हॅस्केल नावाच्या रेकॉर्डवाल्यानं स्टुडिओत बोलावलं, तिथे आमची अक्कल शेण खायला गेली. थिएटरातले बडे गाणारे उभे राहतात तसे आम्ही ऐटीत एका ओळीत उभे. क्लीओफस पुढे, माइकसमोर, त्याची पाठ आमच्याकडे. तो श्वास कधी घेतो तेच दिसेना! तो गाणं उचलायचा आणि आम्ही मागून धडपडत यायचो. पुन्हा केलं, पुन्हा फसलं.

हॅस्केल यंत्रांच्या खोलीतून, काचेमागून बाहेर आला. “या पोराचा गळा मला हवाय. बाकीचे तुम्ही निघा. साथीला माझी माणसं आहेत.”

क्लीओफसनं मान खाली घातली. “ओथा, बायकोचे दिवस भरत आलेत रे.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्याला काय बोलणार? “मग गा की त्यांच्याबरोबर,” मी म्हटलं. “पण आधी एकदा आमच्याबरोबर गा. नीट. त्याशिवाय मी इथून हलत नाही.”

“मला वेळ नाही,” हॅस्केल म्हणाला.

“एका गाण्यापुरता काढा, साहेब.” मी माइक उचलून खोलीच्या मधोमध ठेवला. “या रे सगळे. कोपऱ्यावर उभे राहतो तसे.”

पर्विस घाबरला. “अरे, साहेबाकडे पाठ होतेय!”

“होऊ दे. त्याला आपली थोबाडं बघायचीत की गाणं ऐकायचंय?”

हॅस्केल पुटपुटत आत गेला, पण टेप त्यानं चालू केली. क्लीओफसच्या नाकपुड्या फुलल्या आणि आम्ही चौघे एकदम सुटलो. कुठे खोट नाही. गाणं संपलं तेव्हा रोलंड रडत होता, गाढव.

काचेमागून आवाज आला, “हेच ठेवू. पण रेकॉर्डवर नाव फक्त क्लीओफसचं.”

क्लीओफसचं तोंड माझ्यासमोर वीतभर अंतरावर होतं. त्याला हो म्हणायचं होतं, मला स्पष्ट दिसत होतं. ओठ दोनदा हलले. मग तो सावकाश काचेकडे वळला.

“चौघे एकाच माइकवर गायलोय, साहेब. या तिघांचे आवाज त्यातून काढून दाखवा, मग घाला माझं एकट्याचं नाव.”

हॅस्केलनं टेपकडे बघितलं, मग आमच्याकडे.

“रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला काय गाणार,” त्यानं विचारलं, “तुम्ही चौघं?”