अंतिम निरोप, भोंग्याच्या आवाजात

बोलणारा आपलं नाव सांगतो का? सांगतो. ते त्याचं असतं का? नसतं.

संस्थेच्या जिन्यातला बल्ब गेलेला. बदलायचा ठराव मंजूर.

मरणाला टेकलेला म्हातारा मुलांना खाटेभोवती बोलावतो.

ताईच्या दातांच्या दवाखान्यात, काचेच्या बरणीत, उपटलेल्या दाढा.

पुढे काय होणार ते मजकूर आधीच सांगतो का? सांगतो. कारण लिहिणाऱ्यानं ते होऊन गेल्यावर लिहिलेलं असतं.

भोंगा.

भोंगा म्हणजे प्राचीन ज्यू ग्रंथांच्या विभागाचा प्रमुख. तोंडावर ‘सर’, पाठ वळली की भोंगा. आवाज असा की पलीकडच्या खोलीतल्या तावदानांना कापरं भरावं, आणि आत डोकावून पाहावं तर नुसता पत्रा. त्याच्या हाताखाली संशोधक म्हणून तिनं उमेदीची सगळी वर्षं घातली होती. काम एकच. ते जुने ग्रंथ ओळ न ओळ वाचायचे आणि त्यांची घडण नोंदवायची: कोण बोलतं, कुणाशी बोलतं, गोष्ट मध्येच तुटते का, देव स्वतः बोलतो की दूत धाडतो. खरं-खोटं विचारायचं नाही. मजकूर काय करतो तेवढंच बघायचं आणि त्यावरून प्रकार पाडायचे. भोंग्यानं यातला एकही ग्रंथ शेवटपर्यंत वाचला नव्हता. तो ‘दिशा’ द्यायचा. दिशा म्हणजे दारात उभं राहून, “चाललंय ना?”

तिची नेमणूक तात्पुरती, दरवर्षी त्याच्या सहीवर लटकणारी. “या प्रकारांचा आपला ग्रंथ होऊ द्या, मग विभाग तुमचाच,” असं तो दर वर्षी म्हणायचा. आता ग्रंथ झाला होता. मुखपृष्ठावर नाव एकच, भोंग्याचं.

“अहो, आपल्या निम्म्या ग्रंथांना कुठं लेखकाचं नाव आहे?” तो खुर्चीत रेलून म्हणाला. “हीच तर या परंपरेची थोरवी! तुम्ही त्या थोर निनावी लोकांतल्या.”

“आणि माझी नेमणूक?”

“बघू. संस्थेच्या अध्यक्षबाई बाहेरून कुणीतरी आणायचं म्हणताहेत. मी काय बोलणार? बरं, प्रकाशनात मला प्रस्तावना वाचायचीय. तेवढी लिहून टाका. माझ्या भाषेत हं. जरा भारदस्त.”

म्हणजे नाव नाही, आणि महिनाअखेर नोकरीही नाही. ती “हो” म्हणाली. रात्री जेवताना हे ऐकून ताईचा पारा चढला. ताई दातांची डॉक्टर. दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या आणि बोलण्यात एकमेकींना सोडायच्या नाहीत.

“जिभेला धार आहे गं तुझ्या, पण कणा कुठं विसरून आलीस?”

“ताई, ते जुने लोकही दुसऱ्याच्या नावानं लिहायचेच. केव्हाच मेलेल्या एखाद्या कुलपुरुषाच्या तोंडी आपलं म्हणणं घालायचे.”

“मग मिरव की!”

“काय मिरवू? ते निदान नाव तरी मोठं निवडायचे. माझ्या वाट्याला भोंगा.”

ताईला ठसका लागेपर्यंत हसू आलं. “मग घाल त्याच्याही तोंडात काहीतरी. मी दिवसभर दुसरं काय करते? आ वासलेल्या माणसाला ‘नको’ म्हणता येत नाही.”

ती घास चावायची थांबली.

अंतिम निरोप. जुन्या ग्रंथांतला हा प्रकार तिनंच बांधून काढला होता, खाली सही भोंग्याची. त्याच्या खुणा चार. म्हातारा मुलांना जवळ बोलावतो. आपल्या चुका कबूल करतो. पुढचं भविष्य सांगतो. आणि शेवटी आपले ग्रंथ एकाच्या हाती सोपवून निघून जातो.

तिनं प्रस्तावना लिहिली आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. लपवलं काहीच नाही.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. भोंग्यानं चष्मा चढवला.

“मुलांनो, जवळ या. माझी वेळ भरत आली आहे.”

काय तो खर्ज! पहिल्या रांगेतल्या विद्वानांनी माना डोलावल्या.

“माझी चूक झाली. मी दारात उभा राहिलो, आत कधी आलो नाही.”

तिच्या शेजारी तिचा सहवाचक बसला होता. प्रत्येक ग्रंथ दोघं वेगवेगळा वाचून मग ताडून बघायची. त्यानं हळूच मान वळवली.

“ए, हे तर...”

“गप बस.”

“तिसरी खूण आहे?”

“येतेय.”

“मी गेल्यावर लोक म्हणतील, हा आवाजच तेवढा होता.” भोंग्यानं डोळे टिपले. स्वतःच्या आवाजानं स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आणण्याची विद्या त्याला अवगत होती. सहवाचकानं रुमालात तोंड खुपसलं.

“म्हणून हे ग्रंथ, हे काम आणि माझी जागा मी आज सोपवतो...” आणि तिथं तिचं नाव आलं. पूर्ण, आडनावासकट, त्या दणदणीत आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत.

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग ते त्याच्या कानावर पडलं. नेहमीचाच क्रम.

अध्यक्षबाई उठल्या. त्याला मुदतवाढ देऊन देऊन त्या कधीच्या विटल्या होत्या. “सर! स्वतःहून बाजूला व्हायला मोठं मन लागतं. बाहेरून कुणाला आणायचा विचार आम्ही इथंच सोडतो. तुमचा शब्द आम्ही उद्याच अमलात आणू.”

टाळ्या. भोंग्यानं तोंड उघडलं. ‘हे मी लिहिलं नाही’ म्हणायचं, की गिळायचं? सभागृह उभं राहिलं. उभ्या सभागृहापुढे त्याचं कधीच काही चालत नसे.

“बरेच दिवस मनात होतं,” तो म्हणाला आणि वाकला.

तिला वाटलं होतं आनंद होईल. झाला थोडा. पण टाळ्या पिटणाऱ्यांकडे बघून तोही आंबला. यातल्या कितीतरी जणांनी अंतिम निरोपावर निबंध वाचले होते, शाली घेतल्या होत्या. आणि तो कानावर आदळत असताना बसले होते माना डोलावत. उद्यापासून हेच तिला ‘मॅडम’ म्हणणार.

ताई मागच्या रांगेतून गर्दी कापत आली. “निघाली का दाढ?”

“मुळासकट.”

“मग तोंड असं का?”

“तुझी बरणी बघतेय,” ती टाळ्या वाजवणाऱ्या रांगांकडे मान करून म्हणाली.

समारंभाच्या आधी प्रस्तावनेचे ते कागद आठवडाभर भोंग्याच्या टेबलावर होते. त्यांच्यावर तो चहाचा कप ठेवायचा.