वाल्मिकबापूंचा वाफसा

"काका, वाफसो आव्यो?"

सकाळचे साडेसात वाजले होते. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मैदानाच्या कडेला कप्तान चेतन बूट हातात घेऊन उभा होता आणि त्याच्यामागे अख्खी टीम. आत मात्र कुणी पाऊल टाकत नव्हतं. मधोमध वाल्मिकबापू एकटेच, चपला काढून उभे. ते 'हो' म्हणेपर्यंत आत जायचं नाही, हा तिथला रिवाज.

वाफसा हा शब्द पोरांना बापूंनीच दिलेला. पावसानंतर माती ना चिखल ना ढेकूळ, अगदी पेरणीजोगी होते, तो वाफसा. चेतन भावनगरकडचा, गोलकीपर ओडिशाचा. सगळा जन्म सुरतेच्या यंत्रमागांवर गेलेली ही पोरं, शेताशी संबंध काय त्यांचा? पण वाफसा सगळ्यांना ठाऊक. बापू उजवी टाच मातीत रोवायचे, दहापर्यंत मोजायचे आणि टाच उचलायचे. खळगीत पाणी आलं तर खेळ नाही. गवत हळूहळू वर उठलं तर खुशाल खेळा.

आज खळगीत पाणी आलं. रात्रभर परतीचा पाऊस झाला होता.

आणि नेमका आजच 'नाही' म्हणायची सोय नव्हती! क्लबचे अध्यक्ष ललितभाई मांडवात बसले होते. शेजारी प्लास्टिकचं गवत विकणारा माणूस, मांडीवर हिरव्या गालिच्याचा तुकडा घेऊन. ललितभाईंनी कालच बापूंना स्पष्ट सांगितलं होतं, की या मोसमात जिल्हा लीगच्या तीन मॅच पाण्यात गेल्या. आजची, शेजारच्या सचिन गावाच्या टीमबरोबरची मॅच वेळेवर झाली तर गवत राहील. नाहीतर कमिटी प्लास्टिक घालणार.

आता हे गवत म्हणजे काय, ते सांगायला हवं. बापू अमळनेरकडचे. कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये बावीस वर्षं रंगाच्या पाण्यात उभे राहिले. पायांची नखं कधी निळी, कधी किरमिजी. ते काम सुटलं आणि या मैदानाची राखण मिळाली. मैदान कसलं, राख आणि विटांचे तुकडे! बापूंनी ते वेचले, माती आणून टाकली आणि गावाकडच्या बांधावरून पोतंभर हरळी आणून लावली. हरळी म्हणजे शेतकऱ्याची वैरीण, उपटावी तितकी फोफावते. बायको सुंदरा तर कपाळावर हात मारून म्हणाली होती, "तुमना बाप जल्मभर हरळी उपटत मरना, आन तुम्ही ती लावाले बसनात!" बापू नुसते हसले होते. चौदा वर्षांत त्या वैरिणीने मैदान असं धरलं, की दुसऱ्या गावची पोरं आल्याआल्या आधी त्यावर लोळून घ्यायची.

पंचाने चेंडू आपटून पाहिला. "चलेगा काका. बॉल उछल रहा है."

"बॉल उछलेगा साहेब," बापू म्हणाले, "घुटना नहीं उछलेगा."

ललितभाई उठून आले. बापूंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हळूच म्हटलं, "काका, एक बार हाँ बोल दो. आपकी घास बच जाएगी."

बापूंना मोह झाला नाही असं कोण म्हणेल? झाला, चांगलाच झाला. हरळीची त्यांना काळजी नव्हती. बुटांनी फाटली तरी महिन्याभरात ती परत अंगावर धावून आली असती. पण पोरांचे गुडघे हरळीचे नव्हते. बारा-बारा तास यंत्रमागापुढे उभं राहणारी ही पोरं. ओल्यात पाय अडकून एकाचा जरी गुडघा पिरगळला, तर त्याची भाकरी गेली. बापूंनी चेतनच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. तोंडातून थेट घरची अहिराणीच निघाली, "नही शे. वाफसा नही शे."

ललितभाईंनी त्या पाणी साचलेल्या खळगीकडे पाहिलं. मग म्हणाले, "अमारे त्यां एने वराप केहवाय. वराप वगर मारा बापुए कदी बळद नथी जोड्या." वराप म्हणजे वाफसाच. तो आल्याशिवाय त्यांच्या वडिलांनीही कधी बैल जुंपले नव्हते. एवढं बोलून ते मांडवात गेले आणि मॅच रद्द झाली.

"एक हा म्हनाले काय जात व्हतं?" संध्याकाळी सुंदराने विचारलं.

"कोना तरी गुडघा जाता."

सुंदराने ताटात भाकरी वाढली, वर ठेचा जरा जास्तच ठेवला.

डिसेंबरात प्लास्टिक आलं. खोटं कशाला बोला, दिसायला झकास होतं. मॅच वेळेवर होऊ लागल्या, मुलींची टीमही सरावाला यायला लागली. बापू त्या मुलींकडे कौतुकाने बघत बसायचे. त्यांना कामावरून काढलं नाही. रोज ब्रश फिरवायचा आणि कडेने डोकं काढणारी हरळी उपटायची, असं प्लास्टिकवाल्या कंपनीच्या कागदात लिहिलं होतं. शेवटी बापाचं काम पोराच्या हाती आलं! म्हातारा असता तर पोट धरून हसला असता. बापू निमूट उपटायचे. कॉर्नरच्या झेंड्यापाशी उगवलेली मूठभर तेवढी रोज राहून जायची.

एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी तीनला मॅच होती. पंचाने शिट्टी तोंडाला लावली, तरी टीम कडेलाच उभी.

"अब किसकी राह देख रहे हो?" पंच करवादला.

चेतनने सवयीने हाक दिली, "काका, वाफसो आव्यो?"

दोघं-तिघं हसले. प्लास्टिकवर कसला आलाय वाफसा! बापू हसले नाहीत. चपला काढून ते मधोमध गेले, टाच टेकवली आणि मोजायला लागले. चार मोजताच त्यांना पाय उचलावा लागला. खाली खळगी नव्हती, काहीच नव्हतं. टाच मात्र लालबुंद झाली होती.

"नही शे," ते म्हणाले. "पाणी मारू द्या. ऊन कलल्यावर खेळा."

पंचाने ललितभाईंकडे पाहिलं. ललितभाई खुर्चीतून उठले, आणि घड्याळाकडे बघून पुन्हा बसले. "काका केहे छे ने," ते म्हणाले, "तो पछी बेसो."

दोन्ही टीम कडेला सावलीत बसल्या. बापू लंगडत नळापाशी गेले, नळी ओढत आत आले, आणि पहिलं पाणी त्यांनी कॉर्नरच्या झेंड्यापाशी सोडलं.