काळी पाच

सोफ्यांवर चढवलेलं प्लॅस्टिक तेवढं पंख्याच्या वाऱ्यानं फुगत होतं आणि पुन्हा बसत होतं. त्या गोदामात श्वास घेण्याचं काम जणू त्याच्या एकट्यावर येऊन पडलं होतं.

"माफ करा हं, पण ही काळी पाच नाही," एवढंच चष्मेवाले म्हणाले होते. सॅक्सोफोन छातीशी धरून, आपल्या चष्म्याच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला नंबर वाढल्याचं सांगताना वापरत असतील त्याच हळुवार आवाजात. वाद्य मिळवून घ्यायला त्यांनी मास्तरांकडे सूर मागितला, मास्तरांनी कीबोर्डवरची पाचवी काळी पट्टी दाबली, आणि जो सूर बाहेर आला तो सॅक्सोफोनच्या काळी पाचाला ओळखही दाखवेना.

खर्ज्या मान खाली घालून उभा राहिला. गळ्यातल्या बेस गिटारचं वजन एकाएकी दुप्पट झालं. त्याला माहीत होतं. मास्तरांना माहीत होतं. ड्रमवर बसलेल्या सोफेवाल्यालाही माहीत होतं. त्याच्याच दुकानाच्या गोदामात, सुट्टीच्या दिवशी, बँडचा सराव चालायचा. माहीत नव्हतं ते फक्त ताईला. आणि बँड ताईचा होता.

"कीबोर्ड म्हातारा झालाय, दुसरं काही नाही," सोफेवाला काड्या मांडीवर आपटत म्हणाला. "आमच्याकडे जुना सोफा द्या, नवा घ्या अशी योजना आहे. बघा मास्तर, बसतंय का त्यात."

कुणी हसलं नाही. ताई तर नाहीच. चष्मेवाल्यांना तिनंच शोधून आणलं होतं, कुणाला न सांगता, सगळ्यांना चकित करायचं म्हणून. शनिवारी हॉटेलच्या हिरवळीवर मोठा कार्यक्रम होता आणि तिच्या ठेवणीतल्या गाण्याला सुरुवातीला सॅक्सोफोन हवाच, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. फोनवर तिनं त्यांना अभिमानानं पट्टी सांगितली होती. काळी पाच. कॉलेजात असल्यापासूनची. इतर बायका वयाबरोबर वजन वाढलं की आरसे बदलतात, आपण पट्टी बदलली नाही, असं ती सांगायची.

"मास्तर नको, तू दे," ती खर्ज्याकडे वळली. "यंत्राचं काय सांगावं. तारेचं तसं नसतं. दे काळी पाच."

खर्जातलं वाद्य वाजवतो म्हणून हे नाव तिनंच ठेवलेलं. धाकट्या भावाला शोभेल असं दुसरं काही तिला सुचलं नव्हतं, आणि त्यानंही आयुष्यभर ते बिनतक्रार अंगावर वागवलं. बेसचं काम काय, असं कुणी नवशिक्यानं विचारलं तर तो समजावून सांगायचा: डोळा ड्रमवाल्याच्या पायावर ठेव, कान गाणाऱ्याच्या श्वासावर. तुला येतं ते सगळं वाजवू नकोस, गाण्याला लागतं तेवढंच वाजव. जादा केबल जवळ बाळग, जादा अहंकार घरी ठेव. तू वाजवतोयस हे कुणाच्या ध्यानातही येऊ नये. तू थांबलास हे मात्र प्रत्येकाच्या पोटात कळावं. हे सगळं तो मनापासून सांगे. एक गोष्ट मात्र त्यानं कधीच कुणाला सांगितली नव्हती. गाणाऱ्याची पट्टी खाली न्यायची झाली तर नुसत्या तारा सैल करून भागत नाही. सैल तारा फडफडतात, चुगली करतात. त्यासाठी जाड तारा चढवाव्या लागतात.

त्यानं त्या चढवल्या होत्या. ताईनं एकदा विचारलंही होतं, "दोरखंड बांधलेस की काय रे?" "आवाज भरदार येतो," तो म्हणाला होता. खोटं नव्हतं ते. अर्धं खरं बोलण्यात तो तोवर तयार झाला होता.

आता त्याचं बोट तारेवर थांबलं. खरी काळी पाच कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं: नेहमीच्या जागेपासून गिटारच्या दांडीवरचे तीन पडदे वर. बोट तिथे सरकवलं की सगळा दोष कीबोर्डवर जाणार होता. नेहमीच्या जागी ठेवलं की सॅक्सोफोनवर. एकीकडे मास्तर घाम पुसत होते, दुसरीकडे एक भला परका माणूस वाट पाहत होता. आणि ताई त्याच्या बोटाकडे बघत होती, लहानपणी रस्ता ओलांडताना त्याच्या हाताकडे बघायची तशी.

बोट सवयीच्या जागी गेलं. सूर घुमला, जमिनीतून सोफ्यांच्या लाकडात शिरला आणि विरला.

"हाच तर," ताई म्हणाली आणि तिचा चेहरा सैल झाला. "बघा, दोघांचा एकच आहे. तुमचंच वाद्य जरा चढलंय, भाऊ. होतं असं, हवा बदलली की."

चष्मेवाले अवघडले. "हवेनं इतकं नाही हो चढत, ताई. मी डोळे तपासतो, कान नाही. पण एवढा फरक कानात बोळे घालूनही कळेल." खिशातून फोन काढून त्यांनी तो सोफ्याच्या हातावर ठेवला. त्यात सूर ओळखणारं अ‍ॅप होतं. "भांडण नको. पुन्हा एकदा वाजवता का?"

खर्ज्यानं वाजवलं नाही. ताईनंच पुढे होऊन, त्याच्या गळ्यातल्या बेसची ती तार, त्याच्या बोटाखालची, स्वतः छेडली. फोनवर हिरवं अक्षर उमटलं. जी. म्हणजे पांढरी पाच, काळी पाचाच्या खालची. मास्तरांच्या खांद्यावरून हात घालून तिनं कीबोर्डची काळी पट्टी दाबली. पुन्हा तेच हिरवं अक्षर.

ती कीबोर्डच्या इवल्या पडद्याकडे वाकली. तिथे एक उणे चिन्ह आणि तीनचा आकडा होता. इतकी वर्षं तो तिथेच होता, उघड्यावर, कुणी वाचायची वाट बघत.

"मास्तर, हे काय आहे?"

"ते... ताई, ते सेटिंग असतं."

"उणे तीन."

"हो."

"काळी पाचातून तीन गेले की?"

मास्तर मुलांना संगीत शिकवत. असल्या प्रश्नांची उत्तरं ते रोज घेत असत. आज त्यांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"कधीपासून?" हे तिनं मास्तरांना विचारलं नाही. वळलीही नाही, पण कुणाला विचारलं ते चौघांनाही कळलं.

"तुझ्या घशाच्या दुखण्यानंतर," खर्ज्या म्हणाला. "डॉक्टरांनी तुझं बोलणं बंद केलं होतं ना, त्यानंतरचा पहिला कार्यक्रम. तू घाबरली होतीस. म्हटलं, आजच्यापुरतं एक सूर खाली घेऊ. मग तू स्टेजवरून उतरलीस तीच हसत. म्हणालीस, आला की नाही रे माझा वरचा सूर! तेव्हा कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

"तो एक झाला. बाकीचे दोन?"

"नंतर. हळूहळू. जसजसं लागेल तसं."

"जसजसं लागेल तसं," ती म्हणाली. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तसं. मग काहीतरी आठवून तिचा आवाज एकदम खाली आला. "घरी मी तानपुऱ्यावर रियाज करते. ते यंत्र आहे. त्यावर काळी पाच लावते मी, रोज सकाळी."

खर्ज्या पायानं बेसची केबल सरळ करू लागला.

"तू त्याचे सेल बदलून दिले होतेस."

"तेव्हाच बटणावरची खूण सरकवली," तो म्हणाला. "ताई, मी तुला जपत होतो."

"जपतात काचसामान. माझ्या घरात येऊन, माझ्या हातचा चहा पिऊन, माझा सूर सरकवून गेलास तू."

चष्मेवाल्यांनी सॅक्सोफोन पेटीत ठेवायला घेतला. "मी येऊ का पुन्हा केव्हातरी? घरचं दिसतंय."

"नाही भाऊ, थांबा. मी तुम्हाला काळी पाच सांगितली होती. तयारी करून आलात. मास्तर, ते उणे घालवा. आणि तू," खर्ज्याकडे न बघता, "तुला जे काय सरकवायचं ते सरकव."

"ताई, आज नको. घसा बसेल," सोफेवाला म्हणाला. आता त्याच्या आवाजात विनोद नव्हता.

"बसू दे. सोफे आहेत."

सॅक्सोफोननं सुरुवात केली. वाजवणारा माणूस चांगला होता. त्याची ती ओळ गोदामाच्या पत्र्याखाली उजेडाच्या चिंधीसारखी तरंगली, आणि खर्ज्याच्या मनात येऊन गेलं की हे गाणं मुळात एवढं उंच होतं, एवढं मोकळं. आपणच त्याला वर्षानुवर्षं वाकून चालायला शिकवलं. त्याची बोटं तीन पडदे वर, अनोळखी प्रदेशात चाचपडत राहिली. जाड तारा तिथे नीट बोलत नव्हत्या.

ताईनं मुखडा उचलला. पहिल्या ओळीपर्यंत सगळं ठीक होतं. अंतऱ्यात सूर वर चढला आणि लाकडावरून सफाईनं चाललेला रंधा खिळ्यावर अडावा तसा तिचा आवाज अडला, खरवडला, फाटला. ती थांबली नाही. फाटलेल्या आवाजानंच तिनं तो अंतरा शेवटपर्यंत नेला, प्रत्येक वरच्या सुरावर पुन्हा आपटत, कुणाकडेही न बघता. खर्ज्याला कान झाकून घ्यावेसे वाटले. पण दोन्ही हात वाद्यावर होते, आणि ती श्वास घेई तिथे त्याचा सूर जमिनीसारखा हजर होता. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

गाणं संपल्यावर ती बाटलीतलं पाणी प्यायली. झाकण नीट लावलं.

"त्या दिवशीचा कार्यक्रम आठवतो?" ती म्हणाली. "माझी मैत्रीण आली होती. आम्ही दोघी जोडीनं गायचो एकेकाळी. माइकवर तिनं साधेपणानं सांगितलं, आता वय झालं, पूर्वीपेक्षा खालच्या पट्टीत गाते, सांभाळून घ्या. आणि मी काय म्हटलं?"

सगळ्यांना आठवत होतं.

"मी म्हटलं, आमच्याकडे वय वाढदिवसाला मोजतात, सुरात नाही. लोक केवढे हसले. ती पण हसली बिचारी. त्यानंतर तिनं माझा फोन उचलला नाही आजतागायत. मला वाटायचं, जळते. मी घरी येऊन तुलाच म्हटलं होतं, बघ कशी जळते. तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"काही नाही. मी तिचा चारचौघांत पाणउतारा केला, आणि तुझ्या गळ्यात ती गिटार होती, तीन सूर उतरवलेली. तिच्यापेक्षा मी खाली गात होते रे त्या दिवशी! तू मागे उभा राहून साथ करत होतास. हसलास का तू पण? मनातल्या मनात?"

खर्ज्यानं नाही म्हणून मान हलवली. ते खरं होतं. पण हसण्यापेक्षा वाईट असं काहीतरी त्या दिवशी त्याच्या मनात हललं होतं, आणि ते आता, या उघड्या दिव्याखाली, त्याला स्वच्छ दिसलं: टाळ्या घेणारी ही बाई आपल्या चार तारांवर उभी आहे, आणि हे फक्त आपल्याला माहीत आहे, याचं सुख. इतकी वर्षं पडद्यामागे राहिल्याची ती त्यानं परस्पर वसूल केलेली किंमत होती. त्यालाच तो माया म्हणत आला होता.

"मला सांगायचंस," ती म्हणाली. आवाज आता घोगरा, पण शांत. "एकदा, बाजूला घेऊन. ताई, वरचा सूर गेला, आपण खाली घेऊ. गायले असते मी पांढरी पाचात. पांढरी चारात गायले असते. तिच्याशेजारी बसून गायले असते." तिनं पर्स खांद्याला लावली. "गाणं महत्त्वाचं होतं मला. पट्टीचं काय एवढं!"

पट्टीचं काय एवढं. खर्ज्याच्या डोळ्यांसमोरून सगळं सरकलं: पाहुण्यांसमोर अभिमानानं उच्चारलेली काळी पाच, जाहिरातीच्या फलकावर छापून घेतलेली, मैत्रिणीच्या तोंडावर मारलेली. दुखण्यानंतर त्या पहिल्या संध्याकाळी, कपडे बदलायच्या खोलीत, "वरचा सूर गेला तर गाणंच सोडीन" म्हणून त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून रडलेली ताई. तेव्हाची ताई आणि आत्ताची ताई, या दोन्ही बायका त्याला एकीवर एक ठेवता येईनात. आपण एका माणसाला वाचवलं की दुसऱ्यालाच बुडवलं, हे जाणून घेतल्याशिवाय आता या वाद्याला पुन्हा हात लावणं त्याला शक्य नव्हतं.

"ताई," तो म्हणाला. बेसची केबल मागे ओढत तो तिच्या दोन पावलं मागे गेला, केबल ताणली गेली तिथे थांबला. "एवढंच खरं सांग. मी तेव्हा सांगितलं असतं तर तू गायली असतीस?"

ताई दारात थांबली. तिचा हात कडीवर होता. मास्तर, सोफेवाला, चष्मेवाले, तिघंही तिच्या पाठीकडे बघत राहिले. तिनं पदर सारखा केला, दार ढकललं, आणि ती रस्त्यावरच्या गर्दीत निघून गेली.