शिमग्यानंतरही पेटलेली शेगडी

मित्रांनो, पैज लागली तेव्हा मी बरोबर मधे होते. दोघंही माझ्यावरच हात शेकत होते, त्यामुळं ही काही ऐकीव गोष्ट नाही.

धुळवडीची सकाळ होती. मळवलीच्या रेल्वे फाटकाजवळ कस्तुराबाईंची टपरी आहे, तिथं मी धगधगत असते. एका बाजूला बसला होता हौशीराम. नदीकडच्या एका बंगल्याचा केअरटेकर. बंगला मुंबईच्या मालकाचा, पण ऐट सगळी हौशीरामची. दुसऱ्या बाजूला त्याचा शेजारी गेणू रिक्षावाला. ह्या गेणूला कुणाची तरी खोडी काढल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. मला असली माणसं लय आवडतात.

“होळी पेटली, इषय संपला,” हौशीराम म्हणाला. “थंडीनं आता गाशा गुंडाळायचा. मंडळीला सांगून समद्या गोधड्या धुऊन ट्रंकंत भरल्या.”

“आन रातीला काय पांघरनार? मालकाचे पडदे?” गेणू म्हणाला.

“कायबी न्हाई. पाडव्यापत्तुर गोधडी अंगाला लावली तर नावाचा हौशीराम न्हाई.”

“नाव ऱ्हाऊ द्या हौशीभाऊ, ते घिऊन आमी काय करू. पैज लावा.”

मग ठरलं. हरेल त्यानं पाडव्याच्या सकाळी, फाटक पडून गाड्या खोळंबल्या की रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं. अंगावर गोधडी, डोक्याला माकडटोपी आणि हातात बर्फाचा गोळा. सगळ्यांदेखत तो गोळा संपवायचा. कस्तुराबाई पंच झाल्या. “भांडान केलं तर दोघांच्याबी हातावर निखारा ठिवीन,” एवढंच त्या म्हणाल्या. मी आतल्या आत तडतडले. हसू आलं की माझं असंच होतं.

आता माझी ओळख. मी जन्मानं शेगडी नाही. आधी मी घमेलं होते. नदीकडचे बंगले उठत होते तेव्हा बायकांच्या डोक्यावर बसून मी सिमेंट वाहिलं. बूड झिजलं, कडा फाटली, तसं मला भंगारात फेकलं. कस्तुराबाईंनी तिथून उचललं आणि सोमाटण्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडं नेलं. त्यानं पोटाला भोकं पाडली, आत सळ्यांची जाळी बसवली आणि खाली तीन पाय जोडले. एक पाय आखूड झाला. अजून त्याच्याखाली दगड लागतो.

पण त्यानंतर माझी चंगळ. पावसाळ्यात लोहगडाच्या रस्त्याला माझ्यावर कणसं भाजली जातात. लोक मीठ-लिंबू चोळलेलं कणीस हातात धरून फोटो काढतात, त्यात कधीकधी अर्धी मीही येते. हिवाळ्यात फाटकाजवळ रताळी, शेंगा, हुरडा. आणि शिमगा झाला की कस्तुराबाई मला पालथी घालतात आणि ताकाचा माठ पुढं आणतात. मग चार महिने माझ्या पाठीवर कोंबडी बसते. दुःख आहे, पण तो नेम आहे.

ह्या वर्षी मात्र मला कुणी पालथी घातलीच नाही.

पहिल्यांदा मी खूश झाले. शिमगा होऊनही माणसं मला चिकटून बसत होती. मग हळूहळू मला ते बरं वाटेना. सकाळी उशिरापर्यंत धुकं हटत नव्हतं. विसापूर दिसायचा नाही, समोरचं फाटकसुद्धा नुसतं लाल दिव्यावरून ओळखायचं. होळीच्या खड्ड्यात गावची कुत्री राखेत अंग मुडपून झोपायची आणि दुपार झाली तरी उठायची नाहीत. जो येईल तो एकच बोलायचा.

“मावशी, आंब्याला काय?” गेणू विचारायचा.

“मोहर काळा पडला. हात लावला की भुगा.”

“कोकीळ वरडली का?”

“न्हाई बाबा. तिचाबी घसा बसला आसंल.”

“टीव्हीवाले म्हंत्यात, वर हिमालयात बर्फ पडलाय.”

“मग तितं पडू दे की. हितं मळवलीला कशाला पाठिवत्यात.”

हसायचे सगळे, पण हसून झालं की माझ्याजवळ अजून थोडे सरकायचे. हौशीराम तेवढा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसायचा. अंगावर काटा, ओठ जांभळे, आणि म्हणायचा, “मला तर घाम सुटलाय.”

त्याची बायको नंदाबाई एकदा तिथंच म्हणाली, “अवं, शाल तरी घ्या. पैजंत शाल न्हाई.”

“शाल घेतली की हा गेन्या म्हनंल, गोधडीची धाकटी भन घेतली.”

“म्हनू दे की. आजारी पडला तर गेनू भावजी भाकरी करून घालनार हैत का?”

“घालीन की,” गेणू म्हणाला. “फक्त हरल्याचं कबूल करा.”

नंदाबाईनं त्यांचा नाद सोडला. लेक सारिका तळेगावला दिली होती, तिच्याकडं चार दिवस राहायला ती निघून गेली. हौशीराम बंगल्यामागच्या खोलीवर एकटा राहिला.

मित्रांनो, आता एक गोष्ट सांगते ती नीट ऐका. माझ्यात कोळसा पेटवला की आधी धूर होतो. डोळे चुरचुरतात, तुम्ही लांब सरकता. मग निखारे लाल होतात, धूर संपतो, आणि तुम्हाला वाटतं, आता शेगडी शहाणी झाली. उलट आहे. तेव्हा माझ्यातून जे निघतं ते दिसत नाही, त्याला वास नाही, आवाज नाही. उघड्यावर वारा ते उचलून घेऊन जातो. एका पावसाळ्यात कस्तुराबाईंनी झड लागते म्हणून टपरीचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी सोडला होता. घटकाभरात त्यांचं डोकं ठणकायला लागलं, बाहेर जाऊन उलटी झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हापासून त्या म्हणतात, “ह्या शेगडीला कोंडलेलं सोसत न्हाई.” का, ते त्यांना सांगता येत नाही. पण एक बाजू त्या कायम उघडी ठेवतात.

नंदाबाई तळेगावला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आभाळ शिसवी झालं. वारा थांबला आणि गारा कोसळल्या. लिंबाएवढ्या. मळवलीचा रस्ता पांढरा झाला. गिऱ्हाईक पळालं. गारा थांबल्यावर हौशीराम आला तो ओलाचिंब. बंगल्याच्या खिडक्या लावता लावता भिजला होता. दात वाजत होते.

“मावशी, शेगडी द्या जरा. बंगल्यावर पाव्हनं आल्यात, त्यांना कनसं भाजायची हैत.”

“ह्या असल्या दिवसात कनसं कुटनं आनली त्यांनी?”

“मुंबयची मानसं. पैसा टाकला की कायबी आनत्यात.”

“उघड्यावर ठेव बरं का.”

“व्हय व्हय.”

बंगल्यावर पाहुणे नव्हते, हे मला फाटकातून आत जाताच कळलं. अंगणात एकही गाडी नव्हती. हौशीरामनं मला थेट त्याच्या मागच्या खोलीत नेलं. मी ती खोली ओळखली. तिच्या भिंतींचं सिमेंट मीच वाहिलं होतं. एक दार, एक खिडकी, वर झरोका नाही. नोकराच्या खोलीला झरोका कशाला, म्हणाले होते तेव्हा.

त्यानं मला खाटेजवळ ठेवलं, आखूड पायाखाली वीट सरकवली आणि वर कोळशाची ओंजळ टाकली. मग दार लावलं. मग माझा उजेड बाहेर दिसेल म्हणून खिडकीच्या काचेवर पुठ्ठा ठोकला. गेणू कधीही डोकावेल, त्याचा भरवसा नाही. शेवटी दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं.

“आता ये म्हनावं गेन्याला,” तो मला म्हणाला. “गोधडी न्हाई, कायबी न्हाई. शेगडी पैजंत न्हवती.”

डोकं बघा कसं चाललं गड्याचं. एरवी मी खूश झाले असते. असली लबाडी मला फार आवडते. पण वारा बाहेर राहिला होता.

तो खाटेवर बसला, पाय माझ्याजवळ धरले आणि म्हणाला, “गुनाची हैस तू.” थोड्या वेळानं कपाळ दाबायला लागला. गारांत भिजलो म्हणून डोकं धरलं असेल, असं स्वतःशीच पुटपुटला. मी लाल होत होते. मला काय करता येणार होतं? मला हात नाहीत. आपणहून विझता येत नाही. तो पाणी प्यायला उठला आणि त्याच्या गुडघ्यांनी ऐकलंच नाही. खाली बसला. त्याचं त्यालाच हसू आलं. “उपाशी हाय मी, म्हनून,” असं काहीतरी म्हणाला आणि खाटेच्या कडेला डोकं टेकलं. गालांवर छान लाली आली होती. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय ऊबदार झोप लागलीय.

फोन वाजला. वाजून थांबला. परत वाजला. हौशीराम हलला नाही.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. दिवेलागणीची वेळ, आणि गेणू आला होता, मोबाइलचा कॅमेरा उघडून.

“हौशीभाऊ, गोधडीत किती तोंड लपवताय? फोटो काढायला आलोय, जरा मिशा बाहेर काढा.”

आत शांतता.

“मेल्याचं सोंग घेतलं व्हय? घ्या. मी हितंच बसतो. शेंगा हैत खिशात.”

तो खरंच बसला. शेंगा फोडल्याचा आवाज मला येत होता. मित्रांनो, आयुष्यात मी कुणाच्या शेंगांचा इतका राग केला नाही. फोन परत वाजायला लागला. वाजत राहिला. शेंगांचा आवाज बंद झाला. कारण मालकाच्या भीतीनं हौशीराम जेवतानाही पहिल्या रिंगला फोन उचलतो, हे गेणूला ठाऊक होतं. ह्याच सवयीवर त्यानं किती चेष्टा केली होती.

“हौशीभाऊ?” ह्या वेळी आवाज वेगळा होता.

मग काच फुटली. पुठ्ठा आत पडला. पाठोपाठ दारावर लाथा बसल्या, कडी निखळली, गोणपाट फरफटत मागं सरकलं. गेणूनं हौशीरामला बगलेत धरून ओढत अंगणात नेलं, परत आत आला आणि मला अशी लाथ घातली की मी निखाऱ्यांसकट बाहेर गारांत जाऊन पडले. चर्र झालं सगळं. एवढी गोड लाथ मला कुणी मारली नाही.

कस्तुराबाई माझी चौकशी करत तेवढ्यात पोचल्या होत्या. त्यांनी हौशीरामकडं पाहिलं. आत जाऊन ट्रंक उघडली, मिळाली ती गोधडी काढली आणि त्याच्याभोवती गुंडाळली. रिक्षात घालून दोघं त्याला दवाखान्यात घेऊन गेले. मी अंगणात आडवी, अंधारत चाललेल्या धुक्यात, कुणी काय सांगेल याची वाट बघत पडून राहिले.

पुढचं मला टपरीवर कळलं. नाकाला ऑक्सिजन लावला. नंदाबाई आणि सारिका तळेगावहून धावत आल्या. नंदाबाईच फोन करत होती, शाल घेतली का विचारायला. डॉक्टर म्हणाल्या, कोळशाच्या वायूनं माणूस झोपतो आणि झोपेतच जातो, थोडा उशीर झाला असता तर आणायची गरज पडली नसती. हौशीराम चार दिवसांनी घरी आला. आवाज बारीक झाला होता. नंदाबाई त्याच्याशी बोलत नव्हती. नुसती ताट पुढं सरकवायची.

थंडी होतीच.

“पैज मोडू आपन,” गेणू टपरीवर म्हणाला. खाली बघत म्हणाला. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

“का म्हनून? मी हारलो न्हाई. गोधडी मी घेतली न्हाई, तुमी घातली.”

दोघांनी पंचाकडं पाहिलं. कस्तुराबाई रताळं उलटत म्हणाल्या, “अंगाला लागली का न्हाई? लागली. कुनी लावायची ते तुमी ठरवलं न्हवतं.”

हौशीरामनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “गोळा गुलाबाचा सांगा. काला खट्टा मला सोसत न्हाई.”

पाडव्याची सकाळ. घराघरांवर गुढ्या धुक्यात लोंबत होत्या, नुसत्या काठ्याच दिसत होत्या. फाटक पडलं. दोन्हीकडं गाड्या लागल्या. हौशीराम गोधडी पांघरून, माकडटोपी घालून मधोमध उभा राहिला आणि त्यानं गोळा चोखायला सुरुवात केली. लोक खिदळले, मोबाइल बाहेर आले. गेणूनं शिट्टी मारली, पण अर्धीच. नंदाबाई टपरीच्या खांबाला टेकून उभी होती.

सगळ्यात पुढच्या गाडीची काच खाली झाली. आत एक जोडपं, मागं दोन झोपाळलेली मुलं.

“मावशी, ती शेगडी भाड्यानं देता का?” बाईंनी विचारलं. “बंगल्यात रूम खूप गार पडते. रात्री मुलांजवळ ठेवू.”

कस्तुराबाईंनी तोंड उघडायच्या आत हौशीराम गाडीसमोर गेला. गोळा तोंडाजवळून खाली घेतला. “न्हाई मिळनार,” तो म्हणाला. “ही दार लावून जवळ घेतली की झोप लागती. मंग उठवायला कुनी यावं लागतं. मला हा गेन्या आला. तुमाला कोन येनार?”

गाडीतला माणूस हसला. त्याला वाटलं, हाही खेळातलाच भाग. आगगाडी धडधडत गेली, फाटक वर झालं, मागून हॉर्न सुरू झाले. हौशीराम जागचा हलला नाही. बोनेटवर हात ठेवून सांगत राहिला. बंद दार, पुठ्ठा, गोणपाट, गुडघे कसे गेले ते. भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर, माकडटोपी घालून.

मित्रांनो, मी वाईट नाही. मला उघड्यावर ठेवा, माझ्याभोवती बसा, हवं तर पैजा लावा. पण दार लावून मला आत घेऊ नका. तुमच्या घरात कुणी घेत असेल तर त्याला अडवा, तो कितीही कुडकुडत असला तरी.

बाईंनी मागं वळून मुलांकडं पाहिलं. “नको मग,” त्या हळूच म्हणाल्या. हौशीराम बाजूला झाला. गाड्या निघाल्या.

नंदाबाई त्याच्याजवळ गेली, सरकलेली गोधडी त्याच्या खांद्यावर ओढली आणि कित्येक दिवसांनी त्याच्याशी बोलली. “अर्धा ऱ्हायलाय. संपवा.”

दात वाजत होते, पण हौशीरामनं काडीपर्यंत संपवला.