काकूची पिशवी

“कुठे जाऊन उभी राहतेस? इथे, समोर राहा ना!” बोटीखाली वाकलेले काका कुरकुरले. काकू समोर आली.

जुनी फायबरची बोट घेण्याआधी तिचं अंग हातोडीने ठोकून ऐकायचं असतं. टणटण वाजली तर पक्की. भद्द वाजली तर आतले थर सुटलेले. काकांच्या कानांवर अख्ख्या बंदराचा भरवसा होता.

हल्ली काकूही सोबत येई. भद्द वाजलं की ती पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेई आणि काका तिथे खडूने फुली मारत. याबद्दल दोघांत कधी अवाक्षर निघालं नव्हतं. तसं घरी तरी बोलणं कुठे उरलं होतं? तिची बडबड भिंतींनाच पाठ झाली होती.

आजचं गिऱ्हाईक बायकोपोरांना घेऊन समुद्रात जाणार होतं. बोटीच्या पलीकडे दुसरी बोट अगदी चिकटून होती. त्या फटीत काका एकटेच शिरले. टण, टण. मग भद्द. पुन्हा भद्द.

“पक्की आहे! डोळे झाकून घ्या!” आतून काका ओरडले.

गिऱ्हाइकाने काकूकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “काका म्हणतात म्हणजे... असेल पक्की,” तो कसाबसा म्हणाला.

काका कपडे झटकत बाहेर आले. काकूने त्यांचा दंड धरला आणि कानाशी तोंड नेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अहो, तुम्हाला ऐकू येत नाही.”