चोरून केलेली एकादशी

कृष्णवेणीची मुलाखत सोमवारी होती आणि वेंकोबामामा शुक्रवारपासूनच मद्रासला, ट्रिप्लिकेनमधल्या तिच्या घरी मुक्कामाला आले होते. रेल्वेच्या कचेरीत तीस वर्षं काढलेल्या या माणसाने जन्मात एकच मुलाखत दिली होती, तीही १९२६ साली, आणि साहेबाने तेव्हा त्यांना फक्त नाव विचारलं होतं. तेवढ्या भांडवलावर ते भाचीला तयार करणार होते.

नर्सिंगची तीन वर्षं पुरी करून ती नुकतीच घरी आली होती. मद्रासच्या एका मोठ्या इस्पितळात कॅज्युअल्टीसाठी एक जागा निघाली होती. अपघातातले, भाजलेले, विष प्यालेले लोक सगळ्यांत आधी जिथे आणून टाकतात, तो विभाग. अर्ज चौदा आले होते. तुळसीबाईंना, म्हणजे तिच्या आईला, हे बिलकुल पसंत नव्हतं. "बाळंतिणींच्या वॉर्डात मागायचं होतंस," त्या म्हणत. "निदान पेढे तरी मिळाले असते."

मामांनी इंग्रजीत बावीस उत्तरं लिहून आणली होती. प्रश्न कुठलाही येवो, प्रत्येक उत्तराची सुरुवात 'विथ ड्यू रिस्पेक्ट' अशी होती आणि शेवट मानवतेच्या सेवेत होत होता. कृष्णवेणीने ती दोन दिवस घोकली. तिसऱ्या दिवशी तिला मानवतेचाच वीट आला.

रविवारी दुपारी मामांनी रंगीत तालीम लावली. भाड्याच्या पोर्शनच्या पुढच्या खोलीत टेबल सरकवलं. शेजारच्या अलमेलूअक्कांना पेशंट म्हणून बोलावलं. सहा बाळंतपणं झालेल्या त्या बाई चटईवर पडून इतक्या मनापासून कण्हू लागल्या की वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाणी हवं का विचारलं. मामा स्वतः सेक्रेटरी झाले. बोर्डाचे अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसवलं सत्यनारायणांना, कृष्णवेणीच्या वडिलांना.

अप्पा तसे अबोल गृहस्थ. दोन वर्षांपासून त्यांना मधुमेह होता आणि रोज सकाळी कंपाउंडर येऊन इन्शुलिनचं इंजेक्शन देऊन जाई. त्या दिवशी एकादशी होती. डॉक्टरांनी उपास साफ बंद केले होते, आणि घरातल्या सोवळ्याचा भंग नको म्हणून अप्पा, "हॉटेलात जाऊन इडली खाऊन येतों," असं सांगून सकाळी बाहेर पडले होते. तुळसीबाईंनी देवाची माफीही मागून ठेवली होती.

"हं, विचारा," मामा म्हणाले.

"नाव काय?" अप्पांनी विचारलं.

तिने सांगितलं.

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाव काय?"

"अगदी साहेब," मामा खूश होऊन म्हणाले. "ते असंच करतात. ऐकतच नाहीत."

"छत्री कुणी नेली?" अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जडावला होता.

"हा गोंधळात टाकायचा प्रश्न," मामा समजावू लागले. "यावर तू म्हणायचं, विथ ड्यू रिस्पेक्ट..."

कृष्णवेणीने हातातला कागद खाली टाकला. अप्पांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि टेबलावरचा हात थरथरत होता. तिने मनगट धरलं. ते गार पडलं होतं.

"अप्पा, इडल्या किती खाल्लीत? किती वाजता?"

"आज एकादशी," अप्पा कसेबसे म्हणाले.

तेव्हा उलगडा झाला. लोक एकादशीला चोरून खातात. या माणसाने इंजेक्शन घेऊन चोरून उपास केला होता. इडलीची थाप मारून ते सकाळभर पार्थसारथीच्या देवळात बसून होते. अंगात इन्शुलिन आणि पोटात अन्न नाही, त्यामुळे रक्तातली साखर पार उतरली होती.

"अम्मा, साखर. पाणी थोडंच, दाट कर," ती म्हणाली. "मामा, खिडकीतून बाजूला व्हा. अक्का, कण्हणं पुरे."

साखर आली. अप्पांनी दात घट्ट आवळले. देहभान सुटत चाललं होतं, पण उपास सुटत नव्हता.

"तीर्थ देऊन बघूया काय?" मामांनी विचारलं.

"मामा, तुम्ही बाहेर जा. डॉक्टरांना घेऊन या."

तिने अलमेलूअक्कांच्या मदतीने अप्पांना खुर्चीतून चटईवर घेतलं, एका कुशीवर वळवलं, ओल्या बोटाला साखर लावली आणि गालाच्या आतून चोळली. अप्पांनी बोटाला कडकडून चावा घेतला. तिने बोट मागे घेतलं, पुन्हा साखर लावली, पुन्हा आत घातलं. वॉर्डात डाव्या हाताला सिस्टर असायची, इथे सहा बाळंतपणांच्या अलमेलूअक्का होत्या. ते गिळू लागले तसं तिने चमच्याने साखरपाणी पाजलं. दहा-बारा मिनिटांनी अप्पांनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "तोंडात गोड कुणी घातलं?"

"मी."

"एकादशी मोडलीस," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तुळसीबाईंनी समोर भात वाढून ठेवला आणि डॉक्टर येईपर्यंत त्यांच्यावर पहारा केला. नवऱ्याने थाप मारली याचा राग मोठा की इडलीसाठी देवाची माफी फुकट गेली याचा, हे त्यांनाही ठरवता येईना.

सोमवारी बोर्डापुढे कृष्णवेणीला बाविसांतलं एकही उत्तर आठवेना. मेट्रन उंच, करड्या केसांची बाई होती. तिने प्रमाणपत्रं चाळली आणि तिच्या बोटावरच्या बँडेजकडे खूण केली.

"हे काय?"

"वडील चावले."

बोर्डावरचे डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. कृष्णवेणीने झालं ते सगळं सांगितलं. मामांची तालीमही सांगून टाकली.

"वडील कसे आहेत?" मेट्रनने विचारलं.

"बरे आहेत. बोलत नाहीत माझ्याशी."

"कॅज्युअल्टीत कुणी आभार मानत नाही. चालेल?"

"घरी सवय आहे," कृष्णवेणी म्हणाली. तोंडातून निघून गेल्यावर तिला वाटलं, संपलं.

निवड दुसऱ्याच मुलीची झाली. ती अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी कृष्णवेणीच्या नावाने पत्र आलं. मामांनी ते मोठ्याने वाचलं, बावीस उत्तरांचं श्रेय घेतलं, आणि मग सवयीने लाल पेन्सिल काढून इस्पितळाच्या इंग्रजीतल्या तीन चुका दुरुस्त केल्या. दुसरी प्रत नव्हती, म्हणून पहिल्या तारखेला रुजू होताना तिला तेच पत्र न्यावं लागलं.

मेट्रनने लाल खुणा पाहिल्या, एक चूक मान्य केल्यासारखी मान हलवली, आणि पोलिसांनी नुकत्याच आणलेल्या एका दारुड्याच्या डोक्याला टाके घालायची तयारी करायला तिला पाठवून दिलं.