जादाचं पिंप

शिखर छातीच्या जोरावर सर होतं असा गिर्यारोहकांचा समज असतो. वजनकाकांच्या मते ते गोदामातच सर होतं. वर जायचं ते फक्त फोटो काढायला.

वजनकाका गिर्यारोहण संस्थेचे सामानप्रमुख. हिमालयातल्या मोहिमेचं सगळं सामान, सुईदोऱ्यापासून ऑक्सिजनच्या नळकांड्यांपर्यंत, त्यांच्या देखरेखीखाली प्लास्टिकच्या पिंपांत भरलं जाई. पुढे ट्रक, मग खेचरं, मग माणसांच्या पाठी. नवीन माणसाशी ओळख झाली, की हा किती किलोचा असेल, हा त्यांच्या मनातला पहिला विचार. टोपणनाव काही उगाच पडलं नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. जाणाऱ्यांपेक्षा एका माणसाचं सामान जास्त भरायचं. बूट, स्लीपिंग बॅग, मग, चमचा, सगळं मोठ्यात मोठ्या मापाचं, म्हणजे कुणाचं काही हरवलं तर अडायला नको. आधीच्या प्रमुखांनी किल्ल्या देताना बजावलं होतं, "जादाचं पिंप वगळू नकोस. लागतं ते." कुणाला लागतं हे विचारायचं राहून गेलं, आणि आधीचे प्रमुख आता काही विचारण्याच्या पलीकडे पोचले होते.

लागत होतं खरं. दर मोहिमेहून ते पिंप वापरून परत येई. बुटांचे तळ झिजलेले, मगात चहाचा थर, स्लीपिंग बॅगेला माणसाचा वास. वजनकाकांनी पहिल्या वर्षी एकेकाला धरून विचारलं. कुणीच हात लावला नव्हता म्हणे. गिर्यारोहक मरणाला भीत नाहीत, पण न विसळलेला मग आपला आहे हे काही कबूल करत नाहीत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. बॅग धुऊन वाळत घातली. तिला वाळायला मात्र बाकीच्या बॅगांपेक्षा नेहमीच जास्त वेळ लागे.

यंदा मोहिमेत त्यांची एकुलती एक मुलगी होती.

"बाबा, खेचरं कमी पडतायत," ती गोदामात येऊन म्हणाली. "लीडर म्हणतोय, जादाचं पिंप काढ."

"त्याला म्हणावं, तुझा कॅमेरा काढ."

"अरे, पण ते पिंप कुणाचंच नाहीये!"

"वापरलेलं येतं ना?"

"म्हणजे काय, भूत चहा पितं? साखर घालून की बिनसाखरेचा?"

"साखर घालून," वजनकाका गंभीरपणे म्हणाले. "बुडाशी चिकटा असतो."

ती हसत हसत दोरांच्या वेटोळ्यावर बसलीच. तिला स्वतःला चहात साखरेचा कण चालत नसे. "बाबा, हे बाहेर कुठे बोलू नकोस हं. मला वर तोंड दाखवायचंय."

आता शिकलेला माणूस. पोटच्या पोरीसमोर भुताची बाजू किती लढवणार? पिंप गोदामातच राहिलं. पण वजनकाकांना चैन पडेना. मुलगी धड परत यावी, एवढंच त्यांना हवं होतं. तिचं पिंप त्यांनी स्वतः भरलं, बुटांत कागदाचे बोळे कोंबले, आणि स्लीपिंग बॅगेच्या नाडीला घरची गाठ मारली. तिच्या शाळेच्या बुटांना ते मारायचे ती. ओढली की आवळते, आत ढकलली की सुटते. ती सोडवणं जगात दोघांनाच जमे.

मोहीम फत्ते झाली. सगळेच्या सगळे परत आले.

"काका, पोरगी म्हणजे पोलाद आहे!" लीडर म्हणाला. "पहिल्याच दिवशी, पिंपं उघडायच्याही आधी, धुक्यात मागे राहिली. आमची पाचावर धारण बसली. पण आली की आपली आपण चालत! त्यानंतर तर दमलीच नाही."

घरी वजनकाकांनी तिच्यासाठी चहा टाकला.

"साखर जरा जास्त घाला," ती म्हणाली.

घाला? तिनं जन्मात बापाला अहो-जाहो केलं नव्हतं. थकली असेल, म्हणून वजनकाकांनी साखर घातली. तिनं मग दोन्ही हातांनी धरून रिकामा केला आणि न विसळता तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी गोदामात त्यांनी तिचं पिंप उघडलं. बूट कोरे, बोळे जागच्या जागी. मग लखलखीत. स्लीपिंग बॅगेची गाठ होती तशीच होती.

"वर झोपायचीस कशात गं?" संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बॅगेत."

"गाठ सुटली नीट?"

"कसली गाठ?" ती म्हणाली, आणि हसली. हसणं तिचंच होतं. तिच्या अंगाला येणारा दमट वास मात्र त्यांच्या ओळखीचा होता, जादाच्या पिंपातल्या बॅगेचा.

पुढच्या मोहिमेला खेचरं आणखी कमी होती. वजनकाका अडून बसले. जादाचं पिंप जाणार, नाहीतर काहीच जाणार नाही.

"बरं, जाऊ दे. पण काका, एवढे छोटे बूट?" लीडरनं आत डोकावून विचारलं. "हे कुणाला होणार?"

"होतील," वजनकाका म्हणाले, आणि बॅगेच्या नाडीला सावकाश गाठ मारू लागले.

ट्रक परत आला तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी ते पिंप खाली उतरवलं. बुटांचे तळ झिजले होते. गाठ सुटलेली होती; कापलेली नव्हती, तोडलेली नव्हती, नीट आत ढकलून सोडवलेली. मगात चहाचा थर होता. वजनकाकांनी आजूबाजूला पाहिलं, बोट ओलं करून तळाशी फिरवलं आणि जिभेला लावलं.

बिनसाखरेचा.

घरी चहासाठी कुणीतरी त्यांची वाट पाहत होतं. तो मग हातात घेऊन ते तिथेच बसून राहिले.